कावेरीअक्काचा गवताळ प्रदेश

कावेरीअक्का गेल्याचं मला माधवअण्णांच्या सुनेनं सांगितलं, तेही जिन्याच्या तळाशी उभं राहून, घाईघाईत. मी नुकतीच बँकेतून आले होते, स्कूटर स्टँडवर लावत होते. 'हॉस्पिटलातून फोन आला. अक्का गेल्या,' एवढं बोलून ती आत वळली. दारात माधवअण्णा उभे होते. अक्काचे धाकटे भाऊ आणि आमचे घरमालक. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता तेही आत गेले. गेलं वर्ष-दीड वर्ष ते माझ्याशी बोलत नव्हते. एकाच घरात ते खाली आणि आम्ही वर, पण पाण्याची मोटर लावायचा निरोपसुद्धा सुनेमार्फत यायचा. त्यामुळे अशा वेळी रडायचं तरी कुणाजवळ, हा प्रश्नच होता. मी वर गेले, आमच्या खोलीतल्या आशियाच्या नकाशासमोर जमिनीवर बसले आणि एकटीनंच रडून घेतलं.

तेराव्याला जेवायला बोलावलं होतं. पंगतीत माझ्या शेजारी अक्काच्या दोन दूरच्या बहिणी बसल्या होत्या. 'बिचारी,' एक म्हणाली. 'आपल्याच हातानं ओढवून घेतलं बघ. वेड ते वेड.' दुसरी माझ्याकडे न बघता म्हणाली, 'वेडाला फूस लावणारे पण भेटावे लागतात की.' मी पानावरून उठले नाही. जेवण टाकून उठणाऱ्यांचा अक्काला भयंकर राग यायचा. पण वर येताना जिन्यातच ठरवलं, की हे लिहायचं. अक्का बिचारी नव्हती. मी पाहिलेल्या माणसांत ती सगळ्यात कमी बिचारी होती. आणि फुशीचं म्हणाल, तर ती मी लावली असं सांगायला मला अभिमानच वाटला असता... पण अक्काला फूस लावायची कुणाची टाप होती?

महाराष्ट्रातल्या वाचकांना ही माणसं कोण ते थोडं सांगायला हवं. बंगळूरात तीनशेहून अधिक वर्षं राहणारी मराठी घराणी आहेत. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि दोन्हींची इतकी सरमिसळ की माझ्यासारख्या सांगलीच्या मुलीला पहिले काही महिने अर्धं बोलणं डोक्यावरून जायचं. सोव्हिएत देश फुटला त्या वर्षी आम्ही इथे आलो. नवऱ्याला पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात नोकरी लागली होती, मला बँकेत बदली मिळाली, आणि राजाजीनगरात हे वरचं बिऱ्हाड सापडलं. पहिल्याच दिवशी मी खाली जाऊन साखर मागितली आणि शिष्टाचार म्हणून विचारलं, 'तुम्ही मूळच्या कुठल्या?' दारात उभी असलेली उंच, सडपातळ, पांढऱ्या केसांची बाई म्हणाली, 'मूळ राजाजीनगर. त्याच्या आधी चिकपेट. त्याच्या आधी घोड्यावर.' मग साखरेची वाटी माझ्या हातात देत म्हणाली, 'आणि अक्काला कोणी तुम्ही म्हणतं का गे?' तेव्हापासून ती मला 'अगं अक्का'च झाली.

अक्का मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही असं विचारणाऱ्याला ती 'सुम्ने' असं उत्तर द्यायची, म्हणजे उगीच, असंच. आम्ही आलो त्याच्या पुढच्याच वर्षी ती निवृत्त झाली. निरोप समारंभाच्या दिवशी हार, शाल, नारळ यांच्यासोबत ती एक भलामोठा गुंडाळलेला नकाशाही रिक्षातून घेऊन आली. शाळेनं तो टाकायला काढला होता, कारण त्यातला सोव्हिएत देश आता उरला नव्हता. तिनं तो खाली लावायचं म्हटलं तर माधवअण्णांनी नाक मुरडलं, दिवाणखान्यात देवादिकांच्या तसबिरी होत्या. म्हणून तो आमच्याकडे आला. अक्कानं लाल पेन्सिलीनं नव्या देशांच्या सीमा आखल्या, मग मागे सरकून उभी राहिली आणि मंगोलियावर बोट ठेवलं. 'इथं जायचं,' ती म्हणाली. मला वाटलं, शाळा सुटलेल्या बाईचं मन रमवणं चाललंय. मी चहा टाकायला उठले. 'नाही गे, स्वल्प थांब. ऐक आधी,' असं म्हणून तिनं मला खाली बसवलं.

गवताळ प्रदेशातले लोक, असा एक पाठ ती तीस-पस्तीस वर्षं शिकवत आली होती. झाडं नसलेली अफाट माळरानं, पलीकडे डोंगर, लोकरी नमद्याचे गोल तंबू, घोडे, मेंढ्या, दुधाचे नाना प्रकार. मुलींना तो पाठ आवडायचा आणि तिलाही. पण हा पाठ लिहिणाऱ्यानं तरी ते सगळं पाहिलंय का, अशी शंका तिला फार पूर्वीपासून होती. कावेरीचं खोरं ती पाहून आली होती, मलनाडातली जंगलं पाहिली होती, राजस्थानातलं वाळवंटही शाळेच्या सहलीच्या निमित्तानं पायाखाली घातलं होतं. 'एवढा एकच पाठ राहिला. न बघता शिकवला. बघून यायचं, बरोबर शिकवलं की नाही ते तपासायचं, अष्टे,' ती म्हणाली. अष्टे म्हणजे एवढंच, बस्स. हे बस्स किती मोठं आहे ते मला पुढच्या चार वर्षांत कळलं.

रोज संध्याकाळी ती वर यायची. मी बँकेतून येऊन पाय धुते न धुते तोच जिन्यावर पावलं वाजायची. आमच्या बाहेरच्या खोलीत जमिनीवर सतरंजी, सतरंजीवर पसरलेले कागद, आणि भिंतीवर तो नकाशा. कुठून जायचं हा पहिला प्रश्न. दिल्लीपर्यंत रेल्वे, तिथून विमानानं बेजिंग, आणि बेजिंगहून पुन्हा रेल्वेनं गोबीचं वाळवंट ओलांडून मंगोलियाच्या राजधानीत, उलानबातरला, असं ठरायला पहिला पाऊसकाळ गेला. विमानानं थेट जाता येईल का, असं मी विचारलं की तिला राग यायचा. 'वाळवंट संपून गवत कुठं सुरू होतं ते विमानातून कसं कळणार?' चीनच्या सीमेवर रुळांची रुंदी बदलते म्हणून सगळे डबे उचलून खालची चाकं बदलतात, हे तिला कुठेतरी वाचायला मिळालं. त्या वेळी बंगळूरच्या आसपासचे मीटर गेजचे रूळ रुंद करायचं काम चालू होतं. अक्का स्टेशनावर जाऊन ते तासन्‌तास बघत बसली आणि येऊन मला म्हणाली, आपल्याकडे रूळ बदलतात, त्यांच्याकडे चाकं. यावर ती दोन दिवस खूष होती.

ओळखीचं कुणीतरी हवंच होतं. तिनं सरळ उलानबातरच्या एका शाळेला पत्र लिहिलं, भूगोलाच्या शिक्षिकेस, म्हणून. मी मनात म्हटलं, कसलं उत्तर येतंय. उत्तर आलं आणि तेही रशियनमध्ये. मल्लेश्वरममध्ये एक निवृत्त इंजिनिअर राहायचे, त्यांनी उमेदीच्या काळात रशियन शिकून घेतलं होतं. ते वाचून दाखवायचे आणि अक्काचं उत्तर लिहून द्यायचे. पलीकडच्या शिक्षिकेचं नाव डुलमा. तिचा भाऊ पश्चिमेकडच्या डोंगरांच्या पायथ्याशी घोडे आणि मेंढ्या घेऊन राहत होता. उन्हाळ्यात ये, तुला तिकडे नेते, पण गाडीचा रस्ता अर्ध्यावर संपतो, पुढे घोडा, असं तिनं कळवलं. हे वाचून इंजिनिअरसाहेबांनी चष्मा काढून अक्काकडे पाहिलं म्हणे. अक्का म्हणाली, 'सरी, बरं. घोडा तर घोडा.'

पण घोड्याआधी जेवणाचा प्रश्न आला. अक्काचं घर कडक शाकाहारी, कांदा-लसूणसुद्धा सणावाराला वर्ज्य, आणि मंगोलियात मटणाखेरीज काही मिळत नाही असं जो तो सांगत होता. आम्ही दोघींनी मिळून सोबत न्यायच्या कोरड्या पदार्थांचा धडाका लावला. चटणीपुडी, मेतकूट, भाजलेले पोहे, सुकवलेली हुळी, म्हणजे इथलं सांबार. गच्चीवर माझ्या नवऱ्यानं कारखान्यातल्या लेथवर स्वतः घडवलेल्या खुंट्या ठोकून तंबू उभारला, आणि आम्ही एक रविवारभर तिथे बसून फक्त तेवढंच खाऊन पाहिलं. पोट भरलं. मी खूष झाले. अक्का मात्र पोह्यांचा घास हातात तसाच धरून बसली होती. 'शुभा, हे सगळं चुकलं गे,' ती म्हणाली. 'आपल्या घरी पाव्हणा यावा, आपण पान वाढावं, आणि त्यानं पिशवीतून आपला डबा काढावा... तुला कसं वाटेल?' मला कसं वाटेल हे सांगायची गरज नव्हती. माझ्या एका आतेसासूनं आमच्याकडे तसं केलं होतं आणि मी ते अजून विसरलेले नाही. एवढे दिवस खपून केलेले डबे अक्कानं त्याच दिवशी शेजारीपाजारी वाटून टाकले. चटणीपुडी तेवढी ठेवली, यजमानांना द्यायला.

मग ठरलं की मटण नाही, पण दुधाचं जे काही पुढ्यात येईल ते घ्यायचं. तिकडे चहात साखर नाही, दूध आणि मीठ घालतात. तर दुसऱ्या दिवसापासून सकाळी मिठाचा चहा. 'तू पण पी. एकटीनं प्यायला शिक्षा वाटते,' म्हणून मलाही एक पेला. आठवडाभर आम्ही दोघी समोरासमोर बसून तोंडं वेडीवाकडी करत होतो. खाली माधवअण्णांनी एकदा चुकून तिचा पेला उचलला आणि घोट घेऊन जे काही बोलले ते इथे छापता येणार नाही. घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा मामला त्याहून अवघड होता. त्याबद्दल विचारायला ती देवळातल्या आचार्यांकडे गेली आणि मलाही ओढत नेलं. आचार्य वयस्कर, भले गृहस्थ. त्यांनी डोळे मिटून विचार केला आणि सांगितलं, एकाच खुराचं जनावर असतं त्याचं दूध शास्त्रानं निषिद्ध मानलंय. अक्का म्हणाली, 'समुद्रापार, परदेशी जाणं पण निषिद्धच की.' आचार्य म्हणाले, हो, तेही. 'मग दोन्हीला मिळून एकच प्रायश्चित्त चालेल का, आल्यावर?' आचार्य इतके हसले की त्यांना ठसका लागला. चालेल म्हणाले. त्यांचं उपरणं सावरणं आणि अक्काचा गंभीर चेहरा... मी देवळाच्या पायऱ्यांवर येऊन पोट धरून हसले.

हेब्बाळच्या बाजूला घोडेस्वारी शिकवणारी एक जागा होती. लष्करातून निवृत्त झालेले एक उस्ताद तिथे शिकवायचे. माझ्या स्कूटरवर मागे बसून अक्का तिथे पोचली तेव्हा ती साठीच्या घरात होती. उस्तादांनी तिच्या सहावारी साडीकडे बघून कन्नडमध्ये नम्रपणे सांगितलं, असं नाही जमणार मेडम. पुढच्या रविवारी ती आईची जुनी नऊवारी काष्टा घट्ट मारून नेसून आली. उस्ताद तिच्याभोवती एक फेरी मारून आले, काष्ट्याकडे नीट पाहिलं, आणि घोडा आणायला गेले. त्या दिवशी ती पाच मिनिटं बसली असेल. उतरल्यावर तिचे पाय इतके थरथरत होते की मला स्कूटर तशीच ठेवून रिक्षा करावी लागली. घरी मांड्यांना तेल चोळून देताना मी विचारलं, 'भीती वाटली का अक्का?' 'वाटली की. जनावर श्वास घेतं तेव्हा आपण पण वर होतो गे!' मांड्या तयार व्हाव्यात म्हणून मग रोज रेडिओवरच्या बातम्या ती लाकडी बाकावर दोन्हीकडे पाय सोडून बसून ऐकायची. येणाऱ्याजाणाऱ्यांना हे दृश्य दिसायचं, तिला त्याचं काही नव्हतं.

माधवअण्णांना मात्र होतं. आणि त्यांच्या रागाची गंमत अशी, की घराण्याचा घोड्यांचा अभिमान सगळ्यात जास्त त्यांनाच. आमचे पूर्वज घोडदळातून दक्षिणेत आले, हे ते चिकपेटेतल्या आपल्या साड्यांच्या दुकानात गिऱ्हाइकांनासुद्धा ऐकवायचे. खंडेनवमीला त्यांच्या घरी शस्त्रांसोबत एक जुनं खोगीर पुजतात. माधवअण्णा स्वतः त्याला तेल लावणार, झेंडू वाहणार, आणि घरातल्या बायकांनी दुरून नमस्कार करायचा, हात लावायचा नाही. पण जिवंत घोड्याची त्यांना अशी धास्ती, की स्वतःच्या लग्नात वरातीला आणलेला घोडा नुसता फुरफुरला तर हे मोटारीत जाऊन बसले होते. ही हकिगत अक्कानंच मला त्यांच्यादेखत सांगितली. 'तीनशे वर्षांत या घरातला एक माणूस घोड्यावर बसला नाही आणि आता बसणार कोण, तर तू?' ते तिला म्हणाले. 'हो, मीच. माझी पाळी आली,' अक्का म्हणाली. ते हसले नाहीत. भावाबहिणीत प्रेम नव्हतं असं नाही. अक्काला ताप आला तर दुकान बंद ठेवून बसणारा माणूस तो. पण जग काय म्हणेल, आणि ही पडली-झडली तर काय, या दोन काळज्यांनी ते कातावून गेले होते.

अशी चार वर्षं गेली. मध्ये पासपोर्ट झाला, डुलमाची आमंत्रणाची चिठ्ठी आली, व्हिसाला दिल्लीहून एकदा नकार आणि मग होकार आला. जूनमधलं निघणं पक्कं झालं. एप्रिलमधल्या एका संध्याकाळी अक्का नेहमीसारखी वर आली, सतरंजीवर बसली आणि म्हणाली, 'आंघोळ करताना छातीत गाठ लागली.' दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले. तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई सरळ होत्या. गाठ वाईट आहे, लगेच ऑपरेशन करा, थांबू नका, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. अक्कानं विचारलं, 'ऑगस्टमध्ये केलं तर?' बाई म्हणाल्या, मी तसा सल्ला देणार नाही. 'तोपर्यंत काय होईल?' 'काहीही होऊ शकतं. फारसं काही होणारही नाही कदाचित. मला सांगता येत नाही.' अक्कानं मान डोलावली. घरी येताना ती स्कूटरवर माझ्यामागे बसली. मला तिच्या हाताची पकड खांद्यावर जाणवत होती, रोजच्यासारखीच, जरासुद्धा घट्ट नाही.

त्या संध्याकाळी माधवअण्णा वर आले. आमच्या घरी ते कधी येत नसत. उभ्या उभ्याच म्हणाले, 'शुभा, तू सांग तिला. माझं ती कधीच ऐकत नाही, तुझं ऐकते. ऑपरेशन आधी. हात जोडतो.' आणि त्यांनी खरंच हात जोडले. मी सांगते म्हणाले, आणि सांगितलंही. मनापासून सांगितलं, कारण मलाही ती हवी होती. बंगळूरात मला दुसरं होतं कोण? मी म्हणाले, 'अक्का, मंगोलिया कुठे पळून जात नाही. आधी बरी हो, पुढच्या वर्षी जा.' ती म्हणाली, 'मी घाबरलेय गे. ऑपरेशनला पण घाबरलेय आणि त्या घोड्याला पण. दोन्हींत घोड्याची भीती मला बरी वाटते. एकदा कापाकापी झाली की मी पेशंट होणार. मग पुढच्या वर्षी मला घोड्यावर कोण चढू देणार? माधव देईल? डॉक्टर देतील?' मग तिनं विचारलं, 'तू देशील? खरं सांग.'

मी खरं तेच सांगितलं. 'नाही देणार,' म्हणाले.

'बघ,' ती म्हणाली. खाली दुधाचं भांडं घासल्याचा आवाज येत होता. शेवटी मीच म्हणाले, 'मग जाऊन ये.' एवढ्या तीन शब्दांवरून माधवअण्णांनी माझ्याशी बोलणं सोडलं. मी त्यांना दोष देत नाही. पण आजही कुणी मला त्याच सतरंजीवर बसवून तोच प्रश्न विचारला तर माझं उत्तर तेच असेल, आणि हे मी त्या दोघी दूरच्या बहिणींनी वाचावं म्हणूनच लिहिते आहे. बाई एकसष्टीच्या आत-बाहेर होती, शुद्धीत होती, डॉक्टरांनी काय सांगितलं ते तिला माझ्याहून चांगलं कळलं होतं. जीव तिचा होता.

सिटी स्टेशनवर तिला सोडायला मी आणि माझा नवरा दोघंच होतो. पाठीवर पिशवी, अंगात दोन स्वेटर कारण ते पिशवीत मावेनात, आणि बंगळूरच्या जूनमध्येही कपाळावर घाम. गाडी हलल्यावर तिनं खिडकीतून सांगितलं, 'मिठाचा चहा सोडू नको!' मी सोडला नाही. ती गेली होती तेवढे सगळे दिवस रोज सकाळी तो पेला प्यायले. कुणाला हसायचं तर हसावं.

ती परत आली तेव्हा रापून काळी झाली होती आणि ओठ फुटले होते. आल्या आल्या वर आली, सतरंजी अंथरायचीही वाट न बघता नकाशासमोर उभी राहिली. 'मोठं आहे गे,' एवढंच म्हणाली. मग हळूहळू, पुढच्या कित्येक संध्याकाळी, तिनं सगळं सांगितलं. समोरच्या घराच्या भिंतीला जाऊन अडकायची सवय लागलेली नजर तिथे पहिल्या दिवशी कुठे टेकवावी तेच कळत नव्हतं, म्हणून तिला चक्कर आली. डुलमाच्या आईनं तिचा हात हातात धरून ठेवला होता, भाषा काही नाही, नुसता हात. चटणीपुडी त्यांनी चाखली आणि सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, मग पुन्हा मागितली. ऑगस्टमध्ये ऑपरेशन झालं. गाठ पसरली होती. आधी केलं असतं तर, असं मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्यांनी पुन्हा तेच उत्तर दिलं, सांगता येत नाही. आचार्यांकडचं प्रायश्चित्त मात्र अक्कानं ऑपरेशनच्या आधीच उरकून घेतलं होतं.

टाके सुकल्यावर तिनं पहिली गोष्ट कोणती केली असेल तर जुन्या शाळेत जाऊन नववीचा एक तास मागून घेतला. मी मागच्या बाकावर बसले होते. उजवा हात वर होत नव्हता, म्हणून तिनं फळ्यावर डाव्या हातानं, वाकड्या अक्षरांत पाठाचं नाव लिहिलं. मग मुलींना सांगितलं, 'हा पाठ मी पुष्कळ वर्षं शिकवला. चुकीचा शिकवला.' पुस्तकात लिहिलं होतं की हे लोक भटके, जिकडे गवत तिकडे तंबू ठोकतात. तसं नाही, ती म्हणाली. त्यांची हिवाळ्याची जागा ठरलेली, उन्हाळ्याची ठरलेली, मधल्या दोन्ही ऋतूंचीही ठरलेली, आजोबांनी जिथे तंबू ठोकला तिथेच नातू ठोकतो. त्यांना घर नाही असं नव्हे, चार घरं आहेत, आणि ते वर्षभर आपल्याच घरांतून फिरतात. हे सांगताना तिचा चेहरा असा उजळला होता की मुली पाठ लिहून घ्यायचं विसरून तिच्याकडेच बघत होत्या. मला तेव्हा कळलं, की चार वर्षं आम्ही कशासाठी खपलो.

पुढचं आजारपण सगळ्यांचं असतं तसंच. ती कुरकुर करायची, औषधाच्या चवीवर चिडायची, मला उगाच बोलायची. शेवटच्या महिन्यात जिना चढणं बंद झालं, मग मी खाली जायचे, माधवअण्णा दुकानात असतील त्या वेळी. भावानं सगळी सेवा केली, मनापासून केली. पण मंगोलियाचं नाव त्यांच्या तोंडून एकदाही निघालं नाही, आणि अक्कानंही त्यांच्यापुढे काढलं नाही.

गेल्या रविवारी दुपारी जिन्यावर पावलं वाजली. मी हातातलं काम टाकून उठले, इतकी ती ओळखीची वाटली... दारात माधवअण्णा होते. चपला काढून आत आले, खुर्ची दाखवली तरी खाली सतरंजीवरच बसले, गुडघे दुखतात तरी. बराच वेळ नकाशाकडे बघत होते. मग म्हणाले, 'तिनं मला काही सांगितलं नाही. मी विचारलं नाही, म्हणून. तुला सांगितलं असेल.'

'हो,' मी म्हणाले.

'खरंच बसली होती? घोड्यावर?'

'बसली होती अण्णा. डोंगरापर्यंत गेली.'

'रंग कसला होता घोड्याचा?'

'बदामी. आयाळ काळी. बुटका होता, पण चालीचा.'

त्यांनी मान हलवली, जणू असाच असणार हे त्यांना ठाऊक होतं. मग माझ्याकडे न बघता, खालच्या आवाजात विचारलं, 'पडली काय गे?'

हे अक्कानं मला कुणाला सांगू नको म्हणून सांगितलं होतं. पण आता ती तरी कुणापासून काय लपवणार होती?

'पडली,' मी म्हणाले. 'ओढा ओलांडताना. गाठ होती त्याच बाजूवर.'

अण्णांनी डोळे मिटले. 'मग? मग काय केलं तिनं?'

'परत चढली.'

तेराव्यालाही ज्यांच्या डोळ्यांतून मी टिपूस आलेलं पाहिलं नव्हतं, ते माधवअण्णा माझ्यासमोर रडले आणि रडता रडताच हसायला लागले. 'चढली,' ते म्हणाले, 'आमची अक्का!' धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं, पाय पुढे ताणून नीट बसले आणि म्हणाले, 'आता पहिल्यापासून सांग. घाई नाही मला. स्वल्पसुद्धा गाळू नको.'